राखेबाहेर राहिलेला कार्बोरेटर

आई, मागच्या आठवड्यात घराला रंग द्यायला माणसं आली म्हणून तुझा देव्हारा मी भिंतीवरून खाली उतरवला. काळजी करू नकोस, देव आधी ताटात काढून घेतले होते, रंगाऱ्यांचा हातसुद्धा लागू दिला नाही. पण फळी सुटली तशी तिच्या मागच्या फटीतून एक पुडकं खाली आलं. मोरपंखी रंगाच्या चकचकीत कापडात बांधलेलं. ते कापड कशाचं हे मला पाहताक्षणी कळलं, आणि उचलून हातात घेतल्यावर वजनावरून आत काय आहे तेही कळलं. मी तिथंच स्टुलावर बसले. रंगारी पोरगा दोनदा विचारून गेला, ‘काकू, बरं वाटून नाही राहिलं का?’ मी म्हटलं, तू आपला रंग पाहा बाबा. त्या दिवसापासून मी तुझ्यावर चिडलेली आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्यावर चिडायची सवयच मोडली होती, ती पुन्हा लागली. कोणाशी बोलावं तर ज्यांच्याशी बोलायचं ते तू आणि बाबा, दोघंही आता नाहीत. म्हणून लिहिते आहे.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहिणार आहे. कारण आपल्या घरात ही गोष्ट कायम बाबांनीच सांगितली, आणि शेवटी हशा पिकला की ती संपायची. मला ती एकदा माझ्या तोंडानं सांगायची आहे.

बाबा तेव्हा गड्डीगोदामला एका गॅरेजमध्ये फटफट्या दुरुस्त करायचे. दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये; त्याचं त्यांना फार लागायचं. कामठीच्या छावणीत जुन्या लष्करी मोटारसायकलींचा लिलाव झाला तेव्हा त्यांनी कोणाकोणाला मध्ये घालून एक पोतं भरून कार्बोरेटर घरी आणले. इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून पाजणारा तो मुठीएवढा भाग. तो गेला की बाकीची गाडी नुसतं लोखंड. तसल्या गाड्या तेव्हा सगळ्या विदर्भात होत्या, सावनेरच्या संत्र्याच्या बागवाल्याकडे, उमरेडच्या कंपाउंडरकडे, जंगल खात्यातल्या लोकांकडे, आणि त्यांचे सुटे भाग बाहेरून यायचे बंद झाले होते. ‘गाड्या अजून वीस वरीस चालतीन,’ बाबा म्हणायचे, ‘पण कारबेटर कोठून आणतीन? माह्याकडूनच!’ बर्डीच्या बाजारात स्वतःचं दुकान टाकायचं आणि त्या दुकानाचं भांडवल म्हणजे ते पोतं. त्यातले धड निघतील तेवढे ते अंगणात बसून रॉकेलनं धुवायचे, आणि एकदा तर तुझ्या पिठाच्या परातीत धुतले. किती भांडलीस तू त्या दिवशी! ‘पोळ्यायले आता रॉकेलचा वास येईन, खाजा मंग!’ आणि ते हसत म्हणाले, ‘खातो ना. फटफटीसारखा पळतो का नाही ते पाहा.’ त्या परातीतल्या पोळ्या आम्ही खाल्ल्या. वास यायचाच.

मग त्यांचं आखातात जायचं ठरलं. दोन-तीन वर्षं तिकडं काम करायचं, मग येऊन दुकान. जायला अजून अवकाश होता, पण एजंटाचा निरोप अचानक आला की मुंबईची गाडी उद्याच धरा. त्या आठवड्यात बाबांनी एकेक कार्बोरेटर गॅरेजातल्या गाडीला लावून, गाडी सुरू करून, आवाज ऐकून पाहिला होता. जो बरोबर चालला तो काढून बाजूला ठेवला होता. ते सगळे त्या दिवशी घाईघाईनं घरी आणले आणि स्वयंपाकघरातच फतकल मारून बसले. मी तपकिरी मेणकागदाचे तुकडे कापून देते आहे, ते गुंडाळताहेत, वरून तार घालून पक्कडीनं पीळ देताहेत. तू चुलीपाशी त्यांच्या प्रवासाच्या दशम्या करते आहेस. सगळ्या घरात पेट्रोलचा वास. तू तोंड न वळवता म्हणालीस, ‘वले हायेत जी ते. वास येऊन राहिला. दोन दिस उन्हात तरी ठेवले असते.’ आणि बाबा भडकले. परक्या मुलखात जायचं होतं, मनात भीती असणार, ती तुझ्यावर निघाली. ‘तुले काय समजते वं गाडीतलं? तू दशम्या पाहा.’ तू तव्यावरची दशमी उलटलीस.

खरं तर गॅरेजातल्या पोरांना ते तेच शिकवायचे. आधी उलटा करून आतलं पेट्रोल काढ, खालची वाटी पूस, वाळू दे, बारीक भोकातून फुंकर मारून पाहा, मग गुंडाळ. एरवी एक थेंब राहिला तर त्या पोरांच्या सात पिढ्या उद्धरायचे. त्या दिवशी त्यांनी स्वतःच ते केलं नाही. दुसऱ्या दिवशी निघताना उंबऱ्यात थांबून तुला एवढंच म्हणाले, ‘आपलं सगळं त्याच्यातच हाय. नीट ठेवजो.’

आता तू काटोलकडच्या शेतकऱ्याची लेक. नीट ठेवायचं म्हणजे कसं ठेवायचं, हे तुझ्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. खायचं धान्य कोठीत आणि पुढच्या सालाचं बियाणं राखेत. मूग, बरबटी, वाल, जे जिवापाड जपायचं ते राखेत. त्यातून हे तर वलं, म्हणजे राख पाहिजेच. राख ओल ओढून घेते. बाबांचे पीळ मात्र तू सोडले नाहीस. मी म्हटलं होतं, उघडून पुसून ठेवू, तर म्हणालीस, ‘त्यायच्या हातची गाठ हाय. मी काहून सोडू?’ गोवऱ्यांची राख जुन्या लुगड्यातून गाळलीस, मातीच्या डेऱ्यात थर दिलास, त्यावर पुडकी, वर पुन्हा राख, मध्ये निंबाचा पाला, आणि डेऱ्याचं तोंड शेणामातीनं लिंपून टाकलंस. दर उन्हाळ्यात डेरा उघडायचीस, पुडकी सुपात घेऊन उन्हात टाकायचीस, राख बदलायचीस. दुसऱ्यांच्या पोरी पापड-कुरडया राखत बसायच्या, मी फटफटीचे भाग राखत बसायचे. चिमणी आली की तू आतून ओरडायचीस, ‘हाकल थे!’ मी म्हणायचे, ‘चिमणी काय कारबेटर खाते का आई?’ ‘खात नाही त हगते. हाकल!’ आणि मग आपण दोघी हसत सुटायचो.

फक्त एक पुडकं राखेत गेलं नाही. खांडेनवमीला हत्यारांची पूजा करायची, पण बाबा आपले पान्हे, पक्कड सगळं बरोबर घेऊन गेलेले. पूजा करायची तर कशाची? म्हणून तू एक कार्बोरेटर देव्हाऱ्यात ठेवलास, बाबांनी बांधला तसाच, आणि दरवर्षी वरच्या कागदालाच हळद-कुंकू लावून झेंडूचं फूल वाहत गेलीस. कारागिराच्या घरची खांडेनवमी चुकता कामा नये, एवढंच तुझं म्हणणं.

ते उमरेडचे कंपाउंडर आठवतात? उन्हात गाडी ढकलत दारात आले होते, घामानं निथळत. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की इथं मिळेल. आपल्याकडे तेव्हा महिनोन्‌महिने बाबांची मनीऑर्डर यायची नाही, तू लोकांचे पापड लाटून देत होतीस, माझी शाळेची चप्पल तारेनं बांधलेली होती, आणि तो माणूस हात जोडून म्हणत होता, ‘ताई, एक द्या. म्हणाल ती किंमत.’ तू त्यांना गूळ-पाणी दिलंस आणि म्हणालीस, ‘ठेव हाय जी ते. ज्याची ठेव त्याले पुसा.’ ते गेल्यावर मी तुझ्याशी कडाकडा भांडले. तू म्हणालीस, ‘एक गेला की दुसरा जाते. मंग थे आल्यावर त्यायले काय दाखवू?’ मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

बोलल्याच्या दुपटीनं वर्षं लावून बाबा परत आले. मे महिना होता. सायकलरिक्षातून उतरले ते मी ओळखलेच नाहीत. गाल आत गेलेले, डोकं पांढरं. तिकडच्या मालकानं त्यांचे कागद दाबून ठेवले होते, कसेबसे सुटून आले होते. सामानात पान्हे-पक्कड, एक थर्मास आणि तुझ्यासाठी मोरपंखी रंगाची नायलॉनची साडी. तू साडीवरून एकदा हात फिरवलास आणि म्हणालीस, ‘आधी जेवा.’ दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्याबरोबर ते म्हणाले, ‘काढ माहे कारबेटर.’

तुझा तो चेहरा मला अजून दिसतो. इतकी खूश मी तुला पाहिलीच नव्हती. तू डेरा अंगणात आणलास, लिंपण फोडलंस, कोपरापर्यंत हात राखेत घालून एकेक पुडकं वर काढते आहेस, पदरानं झटकून त्यांच्यापुढे मांडते आहेस, आणि मध्येच मला सांगते आहेस, पाहा, एकही कागद फाटला नाही. बाबा पक्कडीनं तार तोडतात. कागद उलगडतात. आत पांढरी भुकटी. धातूवर चढलेली, खालच्या वाटीत साचलेली, भोकांत गच्च बसलेली. ते फुंकर मारतात, जात नाही. नखानं खरवडतात, तर खाली धातूला खड्डे. दुसरं पुडकं, तेच. तिसरं, तेच. मग त्यांनी डेऱ्याकडे पाहिलं, तुझ्या माखलेल्या हातांकडे पाहिलं, आणि त्यांचं ठरून गेलं. ‘राख! राख भरली वं तू याच्यात! कोणं सांगतलं होतं तुले राखेत घालाले? बरबटी हाय का हे?’ उरलेली पुडकी त्यांनी नुसती फाडली. एक कार्बोरेटर भिंतीवर फेकून मारला. शेजारची माणसं गोळा झाली. ‘माह्यं दुकान राखेत घातलं हिनं! सत्यानाश केला!’ तू तोंडावर पदर धरून उभी. एवढंच म्हणालीस, ‘एक देव्हाऱ्यात हाय. तो राखेत नव्हता.’ ‘राहू दे तिथंच! घाल त्याले हळद-कुंकू!’ असं ओरडून ते अनवाणीच बाहेर पडले, तसल्या उन्हात.

दुकान झालं नाही. गॅरेजवाल्यानं दुसरा माणूस ठेवला होता, तेव्हा बाबा खापरखेड्याच्या वीजघरात ठेकेदाराच्या हाताखाली फिटर म्हणून लागले. तिथं कोळशाची राख. संध्याकाळी घरी यायचे ते केसांत, कानांत, खिशात राख घेऊन. तू पाणी तापवून द्यायचीस आणि ते म्हणायचे, ‘तू लावली ते सुटून नाही राहिली वं.’ आधी रागानं म्हणायचे, मग हळूहळू त्याची गंमत झाली. आला-गेला प्रत्येक जण ती गोष्ट ऐकून जायचा. ‘आमच्या हिनं कारबेटरचं बियाणं करून ठेवलं. म्हटलं आता पेरून पाहा, फटफटी उगवते का!’ लोक पोट धरून हसायचे. लग्नकार्यात कोणी दागिन्यांची पुरचुंडी तुझ्याकडे सांभाळायला दिली की दुसरी म्हणायची, ‘तिच्यापाशी नोको देऊ वं, राखेत घालन.’ तू चहा गाळत असायचीस. तूही हसायचीस. पण त्यानंतर तू घरात वर्षाचं म्हणून काही साठवलं नाहीस. डेरा शेजारणीला देऊन टाकलास. डाळ किराणावाल्याकडून पुडीनं यायला लागली. लोणचं घालायला मावशीला बोलवायचीस आणि म्हणायचीस, ‘माह्या हातचं टिकत नाही.’ आई, तुझ्या हातचं लोणचं वर्षानुवर्षं टिकायचं, फोडीला काही व्हायचं नाही, मी खाल्लं आहे. ती साडीही तू कधी नेसली नाहीस. माझ्या लग्नात मला दिलीस, आणि तिचा ब्लाउजपीस कुठं आहे विचारलं तर म्हणालीस, ‘कुठं गेला का मालूम. उंदरानं नेला असन.’

बाबा तुझ्या आधी गेले. नंतर तू धंतोलीच्या दवाखान्यात होतीस तेव्हा एका दुपारी मी तुझे पाय चेपत बसले होते आणि तूच त्या कंपाउंडरचा विषय काढलास, त्यांची गाडी पुढं चालली असेल का म्हणून. मी धीर करून विचारलं, ‘बाबा एवढं बोलत आले जन्मभर. तू काहून कधी उलटून नाही बोलली?’ तू उशी सारखी करून घेतलीस. मग म्हणालीस, ‘राहू दे वं. त्यायच्यापाशी दुसरं काय होतं?’ मला वाटलं, रागाशिवाय दुसरं काय होतं असं तुला म्हणायचंय. मी तुला संत्र्याचा रस पाजला आणि विषय तिथंच राहिला.

तर ते पुडकं मी उघडलं. वर तो ब्लाउजपीस, उंदरानं नेलेला. म्हणजे बाबा परत आल्यानंतरच बांधलेलं, कारण ते कापड त्यांच्याबरोबर आपल्या घरात आलं. त्याच्या आत तपकिरी मेणकागद, माझ्याच हातानं कापलेला, त्यावर कुंकवाचे डाग, बाबा नव्हते त्या सगळ्या वर्षांचे. तारेला पक्कडीचा पीळ नव्हता. हातानं दिलेला, सैल. आणि आत तीच पांढरी भुकटी. जो कधी डेऱ्यात गेला नाही, ज्याला राखेचा कण लागला नाही, त्याच्या आतही तीच. शंका नको म्हणून मी तो पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेला. म्हटलं, ‘हे राखेनं होतं का रे?’ त्यानं खालची वाटी उघडून पाहिली. ‘राख कुठून येईन काकू आतमंधी? हे आतल्या आत फुललं. कोणंतरी पेट्रोल न काढता तसाच ठेवून देल्ला.’ मग त्यानं बारीक पितळी भोकाला डोळा लावला आणि चिमट्यानं काहीतरी ओढून काढलं. झाडूच्या काडीचं मोडकं टोक. ‘काडीनं साफ करत होतं वाटते कोणी,’ म्हणाला आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

कोण करणार, आई? तूच. बाबा खापरखेड्याला गेल्यावर एखाद्या दुपारी तू तो देव्हाऱ्यातून काढला असशील. हा एक तरी धड निघेल, संध्याकाळी त्यांच्यापुढं ठेवू, म्हणून. त्यांच्या हातची गाठ पहिल्यांदा सोडली असशील. आणि आत तेच पाहिलंस. तिथंच तुला कळलं असणार की राखेनं काही झालं नाही, तू काही बिघडवलं नाहीस. तू चुलीपाशी बसून म्हणाली होतीस तेच खरं होतं, ते वले होते. मी असते तर तो तसाच हातात धरून खापरखेड्याच्या बसमध्ये बसले असते, सगळ्या कामगारांसमोर त्यांच्या पुढ्यात आदळला असता. तू झाडूची काडी तोडून घेतलीस आणि साफ करायला बसलीस! काडी आत मोडली, जमलं नाही, तेव्हा त्यांनीच आणलेल्या कापडात बांधलास आणि देव्हाऱ्यामागं सारलास. संध्याकाळी त्यांना पाणी तापवून दिलंस. ‘तू लावली ते सुटून नाही राहिली’ हे ऐकून घेतलंस, आणि मग जन्मभर ऐकून घेतलंस.

कोणी म्हणेल, केवढं मोठं मन. मला नाही तसं वाटत. मला राग येतो, आणि रडूही येतं, दोन्ही एकदम. त्यांच्यापाशी दुसरं काय होतं, म्हणालीस, ते आता मला कळतं. हात हलवत घरी आलेला माणूस. बायकोनं दुकान बुडवलं असं म्हणून तरी तो रोज उठून कामाला जात होता. आपल्याच घाईनं बुडालं हे कळलं असतं तर तो अंथरुणातून उठला नसता, असं तुला वाटलं. वाटलं ते बरोबरही असेल. पण तुझ्या हातांचं काय? सगळ्या गोतावळ्यानं त्या हातांची टिंगल केली, आणि शेवटी शेवटी तुझाही त्या हातांवरचा भरवसा उडाला की काय, हे मला आजही कळत नाही. मी जन्मभर शाळेत पोरींना सांगत आले की आपल्यावर खोटा आळ आला तर तोंड उघडा. आणि माझ्या घरात तू! दवाखान्यात त्या दुपारी सांगितलं असतंस तर काय झालं असतं? बाबा तर गेलेलेच होते. कधी कधी असंही वाटतं की बाबांनाही शंका होती. नाहीतर एक कार्बोरेटर राखेबाहेर आहे हे ऐकूनही एवढा मोठा मेकॅनिक तो कधीच उघडून पाहत नाही, असं होईल का? मग मी त्यांच्यावर चिडते. मग मला रिक्षातून उतरतानाचे त्यांचे ते गाल आठवतात आणि चिडणंही धड होत नाही.

म्हणून मी ठरवलं की आता हे सांगून टाकायचं. काल रविवारी सुनेच्या माहेरची माणसं जेवायला आली होती, नवा रंग पाहायला म्हणून. माझा मुलगा आजोबांवर गेला आहे, चार माणसं जमली की त्याला राहवत नाही. मी भात वाढत होते आणि त्यानं सुरू केलं, ‘आमच्या आजीनं आजोबांचं दुकान राखेत घातलं होतं, माहीत आहे का?’ थेट बाबांच्या आवाजात. बियाणं, पेरणी, फटफटी उगवते का, सगळं. पाहुणे हसले. मी पातेलं खाली ठेवलं आणि म्हटलं, ‘राखेनं नव्हतं झालं ते.’ आत जाऊन पुडकं आणलं, ताटांच्या मध्येच उघडून दाखवलं. हा कधी राखेत नव्हता, तरी पाहा. मेकॅनिक काय म्हणाला ते सांगितलं. तुझ्या आजोबांकडून घाईत पेट्रोल काढायचं राहून गेलं होतं, हेही सांगितलं. हसणारे तो हातोहात फिरवून पाहू लागले. मला वाटलं, झालं आई, एकदाचं झालं.

मग मुलानं विचारलं, ‘पण आजीले माहीत होतं का हे?’

हो म्हणायचं होतं. काडीचं ते टोक माझ्या कमरेला रुमालात खोचलेलं होतं. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच, मग बोलली काहून नाही? आणि त्याचं उत्तर त्या माणसांसमोर, भाताच्या पातेल्यापाशी उभं राहून, मी कसं देणार होते? तुझे आजोबा ते ऐकून उभे राहिले नसते म्हणून, असं सांगू? मी म्हटलं, ‘नाही रे. तिला काय कळत होतं गाडीतलं.’

‘म्हणजे दोघंही सारखेच!’ मुलगा म्हणाला, आणि सगळे पुन्हा हसले. मीही हसले, आई, आणि उरलेला भात वाढला. वाढताना सारखी तू डोळ्यांपुढं येत होतीस, चुलीपाशी, तव्यावरची दशमी उलटताना. ती काडी मात्र मी कोणाला दाखवली नाही. अजून माझ्या रुमालातच आहे.